चर्चचं छप्पर आणि शाकारणीचा खर्च

जुन्या चर्चचं छप्पर बदलायचं म्हटलं की दोन तट पडतात, आणि दोघंही भलत्याच मुद्द्यावर भांडत बसतात. एकीकडे वारसाप्रेमी: कौल हलवाल तर खबरदार, वासा बदललात तर इतिहास पुसलात. दुसरीकडे ज्यांना दर रविवारी त्या छपराखाली बसायचं असतं ते लोक: गळतंय, पैसे नाहीत, माणसं मिळत नाहीत, एकदाचे पत्रे घालून मोकळे होऊ या. 15 एप्रिल 2019 च्या संध्याकाळी पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल पेटलं तेव्हा हेच भांडण जगभर झालं. फक्त तिथे पत्र्यांच्या जागी काचेचं छप्पर होतं, वरची बाग होती, एका पठ्ठ्याने तर छपरावर पोहण्याचा तलावही सुचवला होता. वर्षभराने, 2020 च्या पावसाळ्याच्या तोंडावर, जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या छपरावरून वाद पेटला. तिथेही पाहता पाहता बोलणं अस्मितेवर आणि कोण कुणाच्या वारशाची हेळसांड करतंय यावर घसरलं. पाणी नेमकं कुठून आत येतंय, हे विचारणारे थोडेच उरले.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. छप्पर हा इमारतीचा झिजण्यासाठी आणि बदलला जाण्यासाठीच असलेला भाग आहे. पाऊस, ऊन, वारा त्याने अंगावर घ्यायचा आणि भिंती वाचवायच्या, हे त्याचं काम. ते बदलल्याने इतिहास बुडत नाही. वेळेवर न बदलल्याने मात्र बुडतो. नवं छप्पर कसं असावं हे ठरवताना ते किती जुनं दिसतं हे बघण्यात अर्थ नाही. ते भिंतींना झेपेल का, बिघडलं तर खालून कळेल का आणि कळल्यावर आसपासच्या कारागिराला ते दुरुस्त करता येईल का, एवढं बघावं. या कसोटीला लाकूड-कौल उतरलं तर लाकूड-कौल, लोखंड उतरलं तर लोखंड. पण ही कसोटी न लावता केवळ 'मूळ' आणि 'आधुनिक' या दोन शब्दांवर मारामारी करणं म्हणजे आजाऱ्याला सोडून वैद्याच्या पगडीवर वाद घालणं.

'मूळ' म्हणजे नेमकं कधीचं? नोत्र दामचा जो शिखरमनोरा पडताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला, तो व्हायोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने उभारलेला, 1859 सालचा. त्याआधीचा मध्ययुगीन मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस मोडकळीला आला म्हणून उतरवला होता. फ्रान्समधल्याच शार्त्रच्या कॅथेड्रलचं लाकडी छप्पर 1836 मध्ये जळालं. त्यावर तिथल्या लोकांनी ओकची झाडं शोधत न बसता लोखंडी सांगाडा उभा केला आणि वर तांब्याचे पत्रे घातले. त्या काळी ते रेल्वे स्टेशनचं तंत्र होतं! आज शार्त्रला जाणारा प्रवासी त्या हिरवट पडलेल्या तांब्याचे फोटो काढतो आणि हे मध्ययुगापासून असंच असणार असं समजून परततो. 1914 च्या सप्टेंबरात जर्मन तोफांनी रीम्सच्या कॅथेड्रलचं छप्पर जाळलं. युद्धानंतर आंरी दनो या वास्तुविशारदाने तिथे काँक्रीटचे लहान लहान तुकडे ओतून, ते लाकडी सांगाड्यासारखे एकमेकांत गुंतवून छप्पर उभारलं. बराचसा पैसा अमेरिकेतून, रॉकफेलरकडून आला. या दोन्ही वास्तू आज जागतिक वारसा यादीत आहेत. लोखंडाने शार्त्रचं पावित्र्य गेलं की काँक्रीटने रीम्सचं?

इतक्या लांब जायचीही गरज नाही. गोव्यातल्या चर्चवरची लाल चपटी कौलं बघून आपण 'पोर्तुगीज छप्पर' म्हणतो, पण ती मंगलोरी कौलं आहेत. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना काढला तो 1865 मध्ये. म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात बांधलेल्या कुठल्याही चर्चवर ती कौलं 'मूळ' असूच शकत नाहीत. त्याआधी होती नळीची कौलं, अर्धगोल, एक उताणं एक पालथं अशी बसवलेली. मंगलोरी कौल आलं तेव्हा ते यंत्रावर दाबलेलं, साच्यातलं, परक्या मिशनऱ्यांचं नवं उत्पादन होतं. कोकण-गोव्याने ते घेतलं, कारण ते एकमेकांत अडकतं, नळीच्या कौलांपेक्षा कमी घसरतं आणि कमी संख्येत जास्त छप्पर झाकतं. दीडशे वर्षांत ते इतकं आपलं झालं की आता त्याच्या जागी दुसरं काही आलं तर वारसा गेला म्हणून आपण ओरडतो.

मग पत्र्यांनी काय घोडं मारलं? मंगलोरी कौल एकदा परकं होतं आणि आपलं झालं, तसा पत्राही होईल, असा युक्तिवाद कुणी केला तर तो उडवून लावण्यासारखा नाही. पत्रेवाल्यांच्या बाजूने बोलायला खूप आहे आणि वारसाप्रेमी ते ऐकूनच घेत नाहीत. मे महिन्यात छपरावर चढणारी माणसं आता मिळत नाहीत. ज्या घरांतून ती येत, त्या घरांतली मुलं हॉटेलात, जहाजावर, आखातात गेली. कौलांचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. वासे-रिपांना लागणारं सागवान परवडत नाही. आणि माकडं! शहरात बसून वारशावर लिहिणाऱ्याला माकडांचं हसू येतं. पण कोकणात कुणालाही विचारा, पत्रे का घातले म्हणून. दहातले सहाजण पावसाचं नाव घेण्याआधी माकडांना शिव्या घालतील. एक टोळी छपरावरून गेली की पंचवीस-तीस कौलांचा चुरा. चर्चच्या समितीत बसणारा माणूस हे सगळं बघून पत्र्याला कौल देतो, तेव्हा तो अडाणी किंवा संस्कृतिद्रोही नसतो. त्याच्याकडे दर जूनमध्ये बादल्या मांडायचा अनुभव असतो.

तरीही मी त्याच्याशी सहमत नाही, आणि त्याचं कारण सौंदर्य नाही. कारण छपराखाली काय आहे, हे आहे. गोव्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि चुन्याच्या. हा चिरा सच्छिद्र असतो. पाणी पितो आणि वाव मिळाला तर सोडतो. जुन्या गोव्याला वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. भिंत जूनपासून ओली होते आणि दिवाळीनंतर हळूहळू सुकते. कौलारू छप्पर या कामात तिला मदत करतं. कौलांच्या फटींतून गरम दमट हवा वर निघून जाते, आणि वळचण भिंतीपासून दूर असल्याने पागोळ्या बाहेर पडतात. पत्र्याखाली हवा कोंडते. पहाटे पत्रा गार पडला की आतल्या बाजूला दव धरतं आणि ते वाशांच्या डोक्यांवर ठिबकतं. वासा सगळ्यात आधी कुजतो तो भिंतीत शिरतो तिथे, जिथे कुणाची नजर पोचत नाही. शिवाय पत्रा हलका. चौरस मीटरला पंधराएक मंगलोरी कौलं बसतात, प्रत्येक अडीच किलोंच्या आसपास, म्हणजे चाळीसेक किलो वजन. तेवढ्याच जागेवरचा पत्रा पाच किलो भरत नाही. वादळात पत्रा उचलला जाऊ नये म्हणून खालचा सांगाडा लोखंडी नळ्यांचा करतात, तो भिंतीत सिमेंटने ठोकतात, आणि चुन्याच्या भिंतीत सिमेंटचे ठोकळे बसले की चिरा तिथूनच उकलायला लागतो. हल्ली तर कौलांच्या आकाराचे, कौलांच्या रंगाचे पत्रे मिळतात. लांबून भल्याभल्यांना कळत नाही. ज्यांना वारसा म्हणजे केवळ फोटोतलं दृश्य वाटतं, त्यांनी या पत्र्यांवर हरकत घ्यायचं कारणच काय? त्यांच्या तत्त्वाप्रमाणे हे उत्तम 'संवर्धन' आहे.

स्लॅबचं तर विचारूच नका. चार-पाच इंची स्लॅब चौरस मीटरला अडीचशे ते तीनशे किलो. कौलांच्या सहा-सात पट ओझं, तेही अशा भिंतींवर ज्यांच्या पायाचा नकाशा कुणाकडे नाही. खाऱ्या हवेत आतल्या सळ्या गंजतात, फुगतात, काँक्रीट फोडतात, आणि तोवर खालून काहीच दिसत नाही. दिसतं तेव्हा तुकडे पडायला लागलेले असतात.

कौलाचा मोठा गुण हा की ते बिघडतं तेव्हा लगेच सांगतं. दुपारी आत उभं राहून वर बघितलं तर फुटलेल्या कौलाच्या जागी उजेडाचा ठिपका दिसतो. शाकारणीला, म्हणजे पावसाळ्याआधी छपराची डागडुजी करायला, आलेले गडी तेच करतात: एक आत उभा राहून ठिपके मोजतो आणि काठीने वर टोचून दाखवतो, दुसरा बाहेरून त्या जागेपर्यंत सरकत जातो. कौलं उचलायची, खाचेत साचलेला पाला आणि शेवाळ खरवडून काढायचं (पाणी उलटं शिरतं ते फुटक्या कौलापेक्षा या तुंबलेल्या खाचेमुळे जास्त), कुजलेली रीप बदलायची, कौल परत बसवायचं. वासा बोटाने दाबून बघायचा, वाळवीची माती दिसली तर तिथेच थांबायचं. या कामाला पदवी लागत नाही, पण नजर लागते, आणि ती नजर दरवर्षी वापरली तरच टिकते. पत्रा घातला की पहिली पंधरा वर्षं वर कुणी चढतच नाही. वाचवलेला खर्च म्हणून आपण जो मोजतो, तो खरं तर न केलेल्या तपासणीचा खर्च असतो.

विरुद्ध बाजूचा, म्हणजे वारसाप्रेमींचा, एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. जुना वासा हा कागदपत्रासारखा पुरावा असतो. तो कुठल्या झाडाचा, कुठल्या हत्याराने तासलेला, सुताराने त्यावर कुठली खूण केली, आधी दुसऱ्या कुठल्या इमारतीत वापरला होता का, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. नोत्र दाममध्ये जळक्या तुळयासुद्धा फेकून न देता अभ्यासासाठी जपल्या. तो सांगाडा पुन्हा उभा राहू शकला तो भक्तीमुळे नव्हे, तर दोन वास्तुविशारदांनी 2014 मध्ये, आगीच्या पाच वर्षं आधी, त्याचं तपशीलवार मोजमाप करून ठेवलं होतं म्हणून. आपल्याकडे किती चर्चच्या किंवा देवळांच्या छपरांचा असा नकाशा आहे? वासा बदलू नका म्हणून निवेदनं देणारे जरूर भेटतात; तो बदलण्याआधी मोजून, फोटो काढून, लाकडाचा एक तुकडा जपून ठेवा म्हणणारे फार कमी. पुरावा जपायचा तर नोंद करा. कुजलेली तुळई डोक्यावर टांगून ठेवणं हा पुरावा जपण्याचा मार्ग नव्हे.

नोत्र दामचं छप्पर शेवटी ओक आणि शिसं वापरून, होतं तसं करायचं ठरलं, 2020 च्या जुलैमध्ये. मला तो निर्णय पटतो, पण जी कारणं तेव्हा गाजली त्यांमुळे नाही. राष्ट्राचा आत्मा वगैरे बाजूला ठेवू. मोजमाप हाताशी होतं, लाकडी सांगाडा हलका असल्याने आगीत पोळलेल्या भिंतींना तो झेपणार होता, आणि कुऱ्हाडीने तुळई तासणारे सुतार फ्रान्समध्ये अजून होते. सुमारे 2000 ओक लागले. सुतारांची एक नवी फळी या कामावर तयार झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत फ्रान्समधल्या दुसऱ्या कुठल्या चर्चची तुळई कुजली तर ती बदलायला हात मिळतील. शिशाबद्दल मात्र टीकाकारांचं बरोबर होतं असं मला वाटतं. जुन्या छपरातलं आणि मनोऱ्यातलं चारशे टनांहून अधिक शिसं त्या आगीत सापडलं, त्याची धूळ आसपास बसली, काही शाळा बंद ठेवून धुवाव्या लागल्या. जे काम तांब्याने किंवा जस्ताने भागलं असतं तिथे परत शिसं घालणं हा निव्वळ दृश्याचा हट्ट. शार्त्रने पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा धडा दिला होता.

काँक्रीटवाल्यांच्या हातात याहून भारी पत्ता आहे, तो फ्रान्समधल्या नांत शहराचा. तिथल्या कॅथेड्रलचं लाकडी छप्पर 1972 मध्ये जळालं, नवं काँक्रीटचं केलं. 18 जुलै 2020 ला तिथे पुन्हा आग लागली. मोठा ऑर्गन जळून गेला, पण छप्पर तगलं. याला उत्तर नाही, आणि मी देतही नाही. ज्या ठिकाणी शत्रू आग आहे, तिथे आगीला पुरून उरणारं छप्पर घाला. पण गोव्यात, वसईत, चौल-रेवदंड्यात जुनं चर्च कोसळतं ते आगीने नाही. ते पाण्याने, वाळवीने आणि पिंपळाच्या मुळाने कोसळतं. रीम्स आणि नांतच्या वास्तुविशारदांनी आपापला शत्रू बघून हत्यार निवडलं. आपण त्यांची अक्कल सोडून त्यांचं सिमेंट तेवढं उचलतो.

जुन्या गोव्यातच बघा. सेंट ऑगस्टीनच्या त्या प्रचंड चर्चवर कुणी तोफ डागली नाही. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांना बाहेर काढलं, मठ ओस पडला, देखभाल थांबली, आणि 1842 मध्ये आतली कमानदार छत खाली आली. सात पावसाळे! पुढे दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा 1931 मध्ये कोसळला. आता जो 46 मीटरचा सुळका उभा आहे त्याच्यासमोर पर्यटक सेल्फी काढतात. त्याची घंटा मात्र पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये अजून वाजते, कारण त्या चर्चला वाली होता.

बॉम जेझूची गोष्ट याहून शिकवणारी आहे. हे चर्च 1605 मध्ये पूर्ण झालं तेव्हा त्याच्या जांभ्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता. गोव्यातल्या पावसात दुसरा उपायच नव्हता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बाल्ताझार काश्त्रु या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तो गिलावा उतरवला गेला. उघडा दगड जास्त प्राचीन आणि भारदस्त दिसतो म्हणून. तेव्हापासून तो चिरा पावसात झिजतो आहे. आता गिलावा परत करावा असं अभ्यासक म्हणू लागले तर विरोध होतो, कारण दोन पिढ्यांच्या मनात, पोस्टकार्डावर, पर्यटनाच्या जाहिरातीत बॉम जेझू लाल आहे! दिसण्यासाठी केलेली दुरुस्ती पुढे स्वतःच 'वारसा' होऊन बसते ती अशी. 2020 मध्ये छपराचं काम चालू असताना टाळेबंदी आली, काम रखडलं, वर तात्पुरतं आच्छादन, आणि पाऊस दारात. तिथल्या रेक्टरनी जाहीर हाक दिली. पुरातत्त्व खात्यावर आरोप झाले, खात्याकडून टाळेबंदीची अडचण पुढे आली. महामारी कुणाच्या हातात नव्हती हे मान्य. पण ऐन मे महिन्यात छप्पर उघडं राहावं, हे एकट्या महामारीमुळे होत नाही. छपराला वर्षानुवर्षं हात न लावता एकदम मोठं काम काढायचं, त्याची निविदा, मंजुरी, निधी यात थंडीचे महिने घालवायचे आणि उन्हाळ्यात कौलं उतरवायची, ही आपल्याकडची रीतच आहे. कोकणातला कुठलाही शेतकरी असं घर शाकारणार नाही.

भांडण करायचं तर ते इथे करावं. छपराच्या मालापेक्षा वेळापत्रकावर आणि पैशाच्या वाटपावर. मोठ्या जीर्णोद्धाराला देणग्या मिळतात. नोत्र दामला आठशे दशलक्ष युरोंहून अधिक मिळाल्या. फलक लागतो, बिशपांच्या किंवा मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होतं. दरवर्षी दोन गडी वर चढवून खाचा साफ करायला मात्र कोणी देणगी देत नाही, कारण त्याचं उद्घाटन कसं करणार? (आपल्या देवळांचंही हेच. सुस्थितीतलं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं करायला गावाची वर्गणी आठ दिवसांत जमते, आणि त्याच देवळाची शाकारणी चार वर्षं राहिलेली असते.) इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चची दर पाच वर्षांनी जाणकाराकडून तपासणी व्हावी असा कायदा 1955 पासून आहे. त्याहून मला आवडते नेदरलँड्सची पद्धत. तिथे 1973 मध्ये 'मॉन्युमेंटेनवाख्ट' नावाची संस्था सुरू झाली. जुन्या इमारतीच्या मालकाने वर्गणी भरायची. संस्थेचे दोन माणसांचे पथक हत्यारं आणि शिड्या गाडीत घालून येतं, छपरावर चढतं, पन्हळ साफ करतं, सरकलेलं कौल तिथल्या तिथे बसवतं आणि मोठं काम कुठे निघतंय याचा लेखी अहवाल देऊन जातं. मंजुरीची फाइल नाही, उद्घाटन नाही.

हे इथे का होऊ नये? गोव्यात आणि वसईपासून रायगडपर्यंतच्या पट्ट्यात अशी दहा पथकं चालतील एवढी जुनी कौलारू चर्च, देवळं, मशिदी आहेत. त्या पथकांत आयटीआयची मुलं येतील, आणि अजून छपरावर चढू शकणारा एखादा जुना सुतार त्यांच्याबरोबर असेल. माकडांसाठी आढ्यालगत आणि वळचणीला जाळी, कौलांखाली हवा खेळती ठेवणारं अस्तर, वाळवी लागणार नाही असं लाकूड, गरज पडली तर छपराला आधार देणारी एखादी लोखंडी त्रिकोणी कैची, यातल्या कशालाही माझी हरकत नाही. बंद पडत चाललेल्या कौलांच्या कारखान्यांनाही दरवर्षीचं गिऱ्हाईक मिळेल, जे एकदाच होणाऱ्या जीर्णोद्धारातून कधीच मिळत नाही.

गोंयच्या सायबाचं, म्हणजे ज्यांचं शव बॉम जेझूत ठेवलं आहे त्या सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन दर दहा वर्षांनी भरतं. मागचं 21 नोव्हेंबर 2024 ला सुरू झालं आणि 5 जानेवारी 2025 ला संपलं. रस्ते, मंडप, वाहनतळ, रंगरंगोटी, सगळं त्या तारखा डोळ्यांसमोर ठेवून झालं. पुढचं 2034 च्या सुमारास येईल, आणि त्याच्या आदल्या वर्षी पुन्हा निविदा निघतील. मधल्या पावसाळ्यांसाठी दर मार्चमध्ये बॉम जेझूवर कोण चढणार, त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार आणि त्याने काय पाहिलं ते कुठल्या वहीत लिहिलं जाणार, हे आत्ता ठरवता येतं. त्यासाठी छप्पर मूळ की आधुनिक हा वाद आधी मिटण्याची वाट बघायची गरज नाही.